सोसण्याचा वारसा

गेल्या मार्चमध्ये आमच्या घरी एका कूलरवरून वाद झाला. मुलीची बारावीची परीक्षा चालू होती. आमच्या गावात मार्च लागला की दुपारी पत्र्याखाली बसवत नाही, आणि तिची अभ्यासाची खोली नेमकी माडीवरची, पत्र्याची. मी एक जुना कूलर दुरुस्त करून आणला. तो जिन्याने वर चढवत असताना अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, पाहिले. तेव्हा ते काही बोलले नाहीत. रात्री जेवताना मात्र म्हणाले, "आम्ही सहा मैल चालत जाऊन शिकलो. अनवाणी. सोसलं म्हणून टिकलो. तुम्ही पोरांना गार हवेत वाढवताय. उद्या ह्यांच्या पोरांना नुसतं ऊन बघून ताप येईल."

हे भाषण आमच्या घरात नवे नाही, आणि तुमच्याही घरात नसेल. मी नेहमीप्रमाणे गप्प बसणार होते. पण मुलगी म्हणाली, "आजोबा, तुमचं अगदीच चूक नाही. पोवळ्यांचं तसंच असतं म्हणे. आईनं ऊन सोसलं की पिल्लं काटक निघतात. आमच्या बाईंनी सांगितलं."

अण्णांनी चमकून आपल्या बोटातल्या अंगठीकडे पाहिले. मंगळासाठी म्हणून त्यांनी गेली तीस वर्षे पोवळे घातले आहे. ते कोणा प्राण्याचे हाड आहे हे त्यांना बहुधा त्या दिवशीच कळले. पण त्याहून मोठा आनंद त्यांना झाला तो दुसऱ्या गोष्टीचा. "बघ," ते मला म्हणाले, "सायन्सही हेच सांगतंय!"

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. शास्त्र जे काही थोडेफार कळते ते मुलांना शिकवता शिकवता कळलेले. परंतु आपल्या घरातल्या वादाचा निकाल समुद्राच्या तळाशी लागला आहे असे कोणी म्हणू लागले, तर तो निकाल वाचून तरी पाहावा असे मला वाटले. परीक्षा संपली, मुलगी मैत्रिणींकडे गेली, आणि मी उन्हाळ्याची सुट्टी पोवळ्यांच्या नादात घालवली.

पोवळे हा प्राणी आहे, हे आम्ही पाठ्यपुस्तकात शिकवतो आणि लगेच पुढच्या धड्याकडे वळतो. खरे तर तिथेच थांबायला हवे. एक मऊ, इवलीशी पिशवी. तिला वर एकच तोंड आणि तोंडाभोवती बोटांसारख्या शुंडा. ही पिशवी आपल्या बुडाखाली चुन्याचे घर बांधते. अशा हजारो पिशव्या एकमेकींना चिकटून राहतात, जुन्या मरतात, त्यांच्या घरांवर नव्या घरे बांधतात, आणि शतकांमागून शतके गेली की त्याचे बेट होते. लक्षद्वीप हे असेच बांधले गेले. चार्ल्स डार्विनचे या बेटांवरचे पुस्तक १८४२ साली निघाले. उत्क्रांतीवरच्या त्याच्या गाजलेल्या ग्रंथाच्या सतरा वर्षे आधी. बुडणाऱ्या डोंगराच्या कडेने ही चिमुकली जनावरे वर वर बांधत राहतात, हा त्याचा विचार पुढे खरा ठरला. अण्णांच्या अंगठीतले तांबडे पोवळे मात्र निराळ्या जातीचे, भूमध्य समुद्रातले. ते खडक बांधत नाही. मी ज्यांच्याविषयी लिहिते आहे ती खडक बांधणारी.

त्यांच्या संसारात एक भाडेकरू असतो. पोवळ्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशावर साखर तयार करते आणि तिच्यातला मोठा वाटा घरमालकाला देते. मालक त्याला आसरा आणि खत देतो. पोवळ्यांना रंग येतो तो बहुतांशी ह्या भाडेकरूमुळे. उन्हाळ्यातले नेहमीचे कमाल तापमान असते त्याच्या वर पाणी एखाद्या अंशाने चढले आणि आठवडेच्या आठवडे तसेच राहिले, की हा व्यवहार बिघडतो. शैवालातून विषारी द्रव्ये निघू लागतात आणि पोवळे भाडेकरूला बाहेर काढते. त्यासरशी रंग जातो आणि आतला पांढरा सांगाडा दिसू लागतो. पोवळे अजून मेलेले नसते. ते उपाशी असते. पाणी वेळेवर निवले तर भाडेकरू परत येतो. नाही निवले तर संपले.

हे मी एकदा डोळ्यांनी पाहिले आहे, तेव्हा मात्र कळले नव्हते. काही वर्षांपूर्वी शाळेची सहल मालवणला नेली होती. सिंधुदुर्ग किल्ला पाहून झाल्यावर होडीवाल्याने मुलांना काचेच्या तळाच्या पेटीतून पाण्याखालचे दाखवले. एके ठिकाणी खालचा खडक पांढरा शुभ्र होता. मुले ओरडली, "बाई, संगमरवर!" मीही म्हटले, किती सुंदर. होडीवाला वल्हे थांबवून म्हणाला, "बाई, ह्यां पांढरां दिसतां तां बरां नाय." पुढे वाचनात आले की मालवणच्या सागरी अभयारण्यात पोवळी पांढरी पडल्याची नोंद शास्त्रज्ञांनी २०१४ साली केली आहे. आम्ही त्या उपाशी जिवांकडे बोट दाखवून टाळ्या वाजवत होतो.

आता मुलीने सांगितलेल्या गोष्टीकडे येते. हवाई बेटांत ओआहू नावाच्या बेटाच्या किनाऱ्याला एक उथळ आखात आहे, कानेओहे. त्यातल्या एका छोट्या बेटावर सागरी जीवशास्त्राची संस्था आहे. तिथे हॉली पुटनम आणि रूथ गेट्स या दोन संशोधक बायकांनी एक प्रयोग केला आणि २०१५ साली प्रसिद्ध केला. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे दिसणारे एक पोवळे त्यांनी घेतले. बहुतेक जातींची पोवळी आपली बीजे समुद्रात सोडून मोकळी होतात. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर तर आपल्या कोजागिरीच्या किंवा त्रिपुरी पौर्णिमेच्या नंतरच्या काही रात्री सगळा समुद्र गुलाबी होतो म्हणतात. पण ही जात पिल्ले पोटात वाढवते आणि तयार झाल्यावर सोडते. म्हणून मी तिला आई म्हणते. खरे तर पोवळ्यांत नर आणि मादी पुष्कळदा एकाच शरीरात असतात, तेव्हा 'आई' ही माझी सोय आहे.

या आयांपैकी काहींना नेहमीच्या पाण्यात ठेवले, साडेसव्वीस अंशांच्या. काहींना दीड महिना जवळजवळ २९ अंशांच्या पाण्यात ठेवले, आणि त्या पाण्यात कर्बवायूही दुप्पट सोडला, म्हणजे ते आम्लतेकडे झुकलेले. ह्या शतकाच्या अखेरीस समुद्र असा होईल, असा अंदाज असलेले ते पाणी. आयांना ते मानवले नाही, त्यांची प्रकृती उतरली. परंतु त्यांची पिल्ले पुन्हा तशाच पाण्यात सोडली तेव्हा त्यांच्या शरीराने त्या पाण्याशी अधिक जुळवून घेतलेले दिसले. पुढे २०२० साली पुटनम आणि तिच्या सहकाऱ्यांनी आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. आम्लतर पाण्यात राहिलेल्या आयांची पिल्ले त्यात सहा महिन्यांनंतरही इतरांपेक्षा अधिक संख्येने जिवंत होती.

हे कसे घडते? इथे मला थोडे मागे जावे लागेल. आईबापांनी जन्मात कमावलेले गुण मुलांत उतरतात, हा विचार लामार्क नावाच्या फ्रेंच पंडिताने १८०९ साली मांडला. जिराफाच्या मानेची त्याची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. पुढे जर्मनीत वाइसमानने उंदरांच्या शेपट्या पिढ्यान्‌पिढ्या छाटून पाहिल्या. एकही पिल्लू बिनशेपटीचे जन्मले नाही. बीजपेशी निराळ्या, शरीराच्या पेशी निराळ्या, शरीरावर काय गुजरते ते बीजाला कळत नाही, असे त्याचे म्हणणे. आणि तेच आम्ही शाळेत शिकलो. लोहाराच्या मुलाचे दंड काही जन्मतः भरदार नसतात.

पोवळ्याचे तसे नाही. त्याच्या शरीरात बीजपेशी आरंभापासून वेगळ्या काढून जपून ठेवलेल्या नसतात. मोठ्या झालेल्या शरीरातल्याच पेशींतून त्या पुनः पुन्हा घडतात, म्हणजे शरीराने पाहिलेले ऊन बीजानेही पाहिलेले असू शकते. शिवाय आता जनुकांविषयी एक निराळी गोष्ट ठाऊक झाली आहे. जुन्या घरातली एखादी पोथी घ्या. अक्षरे तीच, आजोबांनी वाचली तीच नातू वाचतो. पण आजोबांनी कुठे मोरपीस घातलेले असते, कुठे समासात रेघ ओढलेली असते, एखादे पान दुमडलेले असते. ह्या खुणांमुळे नातू कुठे थांबतो, कुठे पुढे जातो, हे ठरते. पोथी बदललेली नसते. वाचन बदललेले असते. पेशीतल्या डीएनएवर मिथाइल नावाचे चिमुकले रासायनिक गट अशाच खुणा करतात. ह्या विद्येला एपिजेनेटिक्स म्हणतात. हा शब्द वॉडिंग्टन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १९४२ साली रूढ केला, जरा निराळ्या अर्थाने.

माणसात ह्या खुणा पिढी बदलताना जवळजवळ सगळ्या पुसल्या जातात. एकदा बीजपेशी घडताना आणि एकदा गर्भ राहिल्यावर. निसर्ग आपली पाटी दोनदा पुसतो. पोवळ्यात मात्र त्या तशा पुसल्या जात नाहीत, असे २०२० साली सौदी अरेबियातल्या एका विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. अबू धाबीच्या आणि फुजैराच्या किनाऱ्यावरची, मेंदूच्या वळ्यांसारखी दिसणारी पोवळी त्यांनी तपासली. मोठ्या पोवळ्यांच्या डीएनएवर ज्या खुणा होत्या, त्या त्यांच्या शुक्रपेशींतही होत्या आणि पिल्लांतही होत्या. एखाददुसरी खूण नव्हे, साऱ्या पोथीभर. आणि कढत, खारट आखातातल्या पोवळ्यांच्या खुणा बाहेरच्या निवांत समुद्रातल्या पोवळ्यांहून काही ठिकाणी वेगळ्या होत्या.

इथवर वाचून झाल्यावर मला अण्णांपुढे जायला थोडा संकोच वाटला. त्यांचेच खरे होत होते. (शास्त्रज्ञ स्वतः एवढे ठामपणे बोलत नाहीत. किती पिढ्या ह्या खुणा टिकतात, आणि काटकपणा नेमका त्यांच्यामुळेच येतो की काय, याचे काम अजून चालू आहे. शिवाय काही वारसा जुन्या पद्धतीचाही असतो. ऑस्ट्रेलियाच्या प्रवाळभित्तीवर उत्तरेकडल्या उष्ण भागातल्या आईबापांच्या पिल्लांची उन्हात जगण्याची शक्यता दहापटीपर्यंत अधिक आढळली, २०१५ साली. त्यात जनुकांचाच मोठा हात होता, आणि आईचा वाटा बापाहून मोठा निघाला. हे वाचून मला मनातून बरे वाटले, खोटे कशाला बोलू.)

पण आखाताची गोष्ट तिथे संपत नाही. इराणच्या आखातात उन्हाळ्यात पाणी ३४-३५ अंशांपर्यंत तापते. इतर समुद्रांतली पोवळी त्या पाण्यात आठवडाभरही तग धरणार नाहीत. ही मात्र तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. जगातली सर्वांत सोशीक पोवळी म्हणून त्यांची ख्याती आहे. २०१७ साली त्या आखातात नेहमीपेक्षाही कडक उन्हाळा झाला. वारा पडला, पाणी आणखी तापले. अबू धाबीच्या बाजूची जवळजवळ सगळी पोवळी पांढरी पडली आणि पुढच्या वसंतापर्यंत त्यांतली दोनतृतीयांश मेली. त्या खुणा त्यांच्या अंगावर होत्याच. हजारो वर्षांचे सोसणे त्यांच्या पाठीशी होते. सोसणाऱ्याची मर्यादा त्याच्या सोसण्याने थोडी पुढे सरकते, नाहीशी होत नाही; आणि ती कुठे आहे हे ती ओलांडल्यावरच बाहेरच्याला कळते.

दुसरी गोष्ट वेळेची. पोवळ्यांचा एखादा पट्टा मेला तर तो पुन्हा भरून यायला दहा वर्षे तरी लागतात, पुष्कळदा अधिक. १९८०च्या आसपास एका जागी असा मोठा आघात पंचवीस-तीस वर्षांतून एकदा होई. २०१६पर्यंत तो सुमारे सहा वर्षांतून एकदा होऊ लागला होता. ऑस्ट्रेलियाच्या भित्तीवर १९९८, २००२, २०१६, २०१७, २०२०, २०२२ आणि २०२४ साली पोवळी मोठ्या प्रमाणावर पांढरी पडली. ह्या आकड्यांमधले अंतर कसे कमी होत गेले ते पाहा. आपल्या लक्षद्वीपला १९९८, २०१० आणि २०१६ साली झळ लागली, आणि २०२४ साली पुन्हा. आईने सोसावे, त्याची खूण पिल्लाला द्यावी, पिल्लाने वाढावे, त्याने आई व्हावे, याला मधे काही शांत वर्षे लागतात. आपण त्यांना तीच देत नाही.

एका रात्री हे सगळे मी घरात सांगितले. अण्णा ऐकत होते. ते म्हणाले, "म्हणजे अति झालं तर वाईट. ते तर आम्हीही म्हणतो." मग मी त्यांना हॉलंडची गोष्ट सांगितली.

१९४४-४५च्या हिवाळ्यात जर्मन फौजांनी पश्चिम हॉलंडची रसद तोडली. शहरांतली माणसे दिवसाला हजार उष्मांकांहून कमी अन्नावर, आणि शेवटी त्याच्याही निम्म्यावर, जगत होती. लोकांनी ट्यूलिपचे कंद उकडून खाल्ले. वीस हजारांच्या आसपास माणसे मेली. त्या महिन्यांत ज्या बायका गरोदर होत्या त्यांची मुले जन्मली, वाढली, सुखवस्तू झाली. आणि पन्नाशी-साठीत त्यांच्यात मधुमेह आणि हृदयाचे विकार इतरांहून अधिक दिसू लागले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दुष्काळाच्या काळात गर्भ राहिलेल्या लोकांची त्यांच्याच सख्ख्या भावंडांशी तुलना केली. वाढीशी संबंध असलेल्या एका जनुकावरच्या मिथाइलच्या खुणा त्यांच्यात कमी होत्या. साठ वर्षे उलटून गेल्यावरही. हा पोवळ्यांसारखा बीजातून आलेला वारसा नव्हे. ते गर्भ स्वतःच उपाशी होते. पण आईच्या उपासाने ही मुले काटक झाली नाहीत. पोटातल्या जिवाने बाहेरच्या टंचाईची तयारी केली, आणि बाहेर आल्यावर त्याला भरले ताट मिळाले. ती तयारीच त्याला बाधली.

अण्णा गप्प झाले. ते का गप्प झाले हे घरात सर्वांना ठाऊक होते. १९७२च्या दुष्काळात अण्णा आणि सासूबाई दोघे दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. मिलोची लाल भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी यांवर त्यांनी ते वर्ष काढले. सासूबाईंना तेव्हा दिवस गेले होते. माझे थोरले दीर त्याच्या पुढच्या वर्षीचे; त्यांना पस्तिशीतच मधुमेह झाला. यावरून मी काही सिद्ध करू पाहत नाही. एका माणसावरून काहीच सिद्ध होत नाही, आणि मधुमेहाला हजार कारणे आहेत. हे मी त्या रात्रीही म्हणाले.

तोवर सासूबाई आमच्या बोलण्यात नव्हत्या. त्या लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मी सोसलं ते काही कुणी घडावं म्हणून नव्हतं सोसलं. दुसरं हातातच काही नव्हतं."

मी चार कादंबऱ्या लिहिल्या आहेत. त्यांतल्या दोन सोसणाऱ्या बायकांवर आहेत, आणि एकीला बक्षीसही मिळाले आहे. त्या चार पुस्तकांत हे वाक्य कुठे नाही. आम्ही लिहिणारे लोक सोसण्याला फार लवकर अर्थ देतो. भट्टीतून सोने उजळून निघते, घणाखालीच हिरा ओळखतो, असे काहीतरी म्हणतो आणि पान उलटतो. भट्टी कोणी पेटवली, हे विचारत नाही.

पोवळ्यांच्या बाबतीत तो प्रश्न टाळता येत नाही, कारण भट्टी पेटवणारे आपणच आहोत. रूथ गेट्सने आपल्या पोवळ्यांना मुद्दाम गरम पाण्यात ठेवले, ते त्यांच्या पुढच्या पिढ्या वाचाव्यात म्हणून. ऑस्ट्रेलियातल्या मॅडलिन व्हॅन ऑपेनबरोबर तिने हा मार्ग पुढे नेला: जी पोवळी अधिक सोसतात ती निवडायची, मोजून मापून ताप द्यायचा, आणि त्यांची रोपे समुद्रात लावायची. २०१८ साली ती वारली. तिच्या कामात मला दोष दिसत नाही. तालमीत वस्ताद पोराला घाम काढायला लावतो, आणि वेठीला धरलेल्यालाही घाम येतो. दोन्ही घाम खारटच. पण वस्तादाला कुठे थांबायचे ते ठाऊक असते, पोराला दूध कोण देणार हेही त्याने पाहिलेले असते, आणि मुख्य म्हणजे पोर उद्या यायचे नाही म्हणाले तर ते घरी राहू शकते. समुद्राला घरी राहता येत नाही.

मला भीती वाटते ती निराळी. पोवळी सोसतात, शिकतात, पिल्लांना शिकवतात, अशी बातमी आली की कुठेतरी कोणीतरी सुटकेचा श्वास टाकतो. चला, त्यांचे निभावेल. मग कोळसा थोडा आणखी जाळायला हरकत नाही. दुबळ्याच्या काटकपणाचे कौतुक करणारा माणूस पुष्कळदा स्वतःला सूट देत असतो. मी हे दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवून म्हणत नाही. मीच तसे केले आहे.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आमच्या भागातून दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिमेकडच्या कारखान्यांवर जातात. नवराबायकोच्या जोडीला आमच्याकडे 'कोयता' म्हणतात. माणसाला हत्याराचे नाव. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला जावेच लागते. तेव्हा सातवीत एक मुलगा होता. वर्षातले पाच महिने तो आईबापांबरोबर फडात असे. वाढे गोळा करी, मोळ्या बांधी, बैल हाकी. आणि उन्हाळ्यात परत आला की महिनाभरात सगळे विषय भरून काढी. इतका तल्लख मुलगा मी त्यानंतर फार पाहिला नाही. त्या वर्षी तालुक्याच्या एका मोफत वसतिगृहात आमच्या शाळेच्या वाट्याला एक जागा आली. नाव सुचवायचे काम माझ्याकडे होते. दुसरा मुलगा एका विधवेचा, अशक्त, घाबरट, अभ्यासात बेताचा. मी त्या दुसऱ्याचे नाव दिले. मुख्याध्यापकांनी विचारले तेव्हा मी म्हणाले, "ह्याला नाही मिळालं तर हा संपेल. त्याचं निभावेल. तो काटक आहे." तो खिडकीशी उभा होता. मला ते ठाऊक होते. मला वाटले, ऐकून त्याला बरे वाटेल. मी त्याची स्तुतीच करत होते.

त्या हिवाळ्यात तो टोळीबरोबर गेला आणि परत शाळेत आला नाही.

दुसरा मुलगा शिकला, आज तो एका दुकानात हिशेब लिहितो आणि आईला सांभाळतो. त्याला जागा देण्यात मी चूक केली असे मला आजही म्हणवत नाही. ज्याची अधिक गरज त्याला आधी, हे मी अजून मानते. मग चूक कुठे झाली? फार दिवस मला ती नीट दाखवता येत नव्हती. आता वाटते, ती नाव देण्यात नव्हती. दोन नावे पाठवून दुसऱ्या जागेसाठी भांडायला हवे होते, तालुक्याला चार खेपा घालायला हव्या होत्या. ते मी केले नाही. आणि ते न करण्याची परवानगी मला त्या मुलाच्या काटकपणाने दिली. त्याच्या आईबापांनी, आजाआजीने फडात जे सोसले, ते त्याच्या अंगात शहाणपण होऊन उतरले होते, आणि त्या भांडवलाचे व्याज मी खाल्ले.

मधल्या वर्षांत तो कधीमधी दिसे. लग्न झाले, कोयता झाला. एकदा बाजारात भेटला तेव्हा हसून म्हणाला होता, "बाई, तुम्ही म्हनला व्हता, निभंल. निभलं की." त्या हसण्यात काय होते ते मला कळले नाही, आणि विचारायचे धैर्यही झाले नाही. सासूबाईंचे ते लसूण सोलतानाचे वाक्य ऐकले तेव्हा मला प्रथम तोच आठवला.

यंदा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला. बरोबर सहा वर्षांची मुलगी होती, पहिलीतली, फ्रॉकला नवी पिन लावलेली. टोळी निघायची होती. आमच्या गावात आता हंगामी वसतिगृह चालते; पालक फडात असतील तेवढे महिने मुले इथेच राहून शिकतात. जागा मोजक्या असतात, यादी भरत आलेली होती.

"हिला ठिवून जातो म्हनतोय," तो म्हणाला. "घरची म्हातारी मान्सं म्हनत्यात, न्या संगं, पोरगी लई काटक हाय." एवढे बोलून तो थांबला आणि यादीकडे नव्हे, माझ्याकडे पाहत राहिला. मुलगी खिडकीच्या गजांना धरून बाहेर पाहत होती.

मी नाव लिहिले. यादीत एक नाव जास्त झाले आहे, त्याचे काय करायचे ते मला पुढच्या आठवड्यात वरच्या कचेरीत जाऊन पाहायचे आहे. बहुधा दोनतीन खेपा होतील. पहिले चार दिवस ती दुपारपर्यंत रडत असे. आता जेवणाच्या सुट्टीपर्यंत रडते.

वसतिगृहाच्या खोलीला पत्रा आहे. हंगाम मार्चपर्यंत चालतो, कधी एप्रिल उजाडतो. परवा फराळाच्या वेळी मी हे सांगत होते, तेव्हा अण्णांनी अंगठी बोटात फिरवत विचारले, "माडीवरचा तो कूलर आता रिकामाच पडलाय ना? शाळेत दिवसा लाइट असते का?"

असते म्हटले, बहुतेक वेळा.